सान फेलिपेची सेमिनरी : पाच-सहा विद्यार्थ्यांच्या बायबल कॉलेजचे काय झाले

बायबल कॉलेजच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : विद्यार्थी का येत नाहीत? मग प्रवेशाची पत्रके छापली जातात, रविवारच्या उपासनेत आवाहन होते, वसतिगृहाची फी कमी केली जाते. ग्वाटेमालातल्या प्रेसबिटेरियन पंथाच्या एका छोट्या सेमिनरीने, म्हणजे पाळक (चर्चचे धर्मगुरू) घडवणाऱ्या संस्थेने, १९६२ च्या सुमारास दुसराच हिशोब काढला. आजवर जे आले त्यांचे पुढे काय झाले, हे तिने मोजले. त्या मोजणीतून पुढे जी पद्धत उभी राहिली तिला आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्या (स्थानिक चर्च) 'टी.ई.ई.' म्हणून ओळखतात, म्हणजे विस्तार पद्धतीचे ईश्वरविज्ञान शिक्षण.

संस्था आणि तिचे त्या काळचे शिक्षक यांची नावे सार्वजनिक नोंदीत आहेत, म्हणून ती दिली आहेत. विद्यार्थी आणि स्थानिक मंडळ्या निनावी ठेवल्या आहेत. तासांचा आणि वर्षांचा हिशोब आमचा आहे; तो तिथे तसा सांगितला आहे.

पार्श्वभूमी

ग्वाटेमाला हा मध्य अमेरिकेतला डोंगराळ देश. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. उत्तर-पश्चिमेच्या उंच, थंड पठारावर माया वंशाच्या लोकांची गावे आहेत. तिथे माम, किचे आणि अशा वीसहून अधिक भाषा बोलल्या जातात. पॅसिफिकच्या बाजूला उतरत गेले की कॉफीचे मळे लागतात आणि खाली उष्ण किनारपट्टी. राजधानीत, शाळेत आणि कचेरीत चालते ती स्पॅनिश.

प्रेसबिटेरियन मिशनचे काम इथे १८८२ मध्ये सुरू झाले. राष्ट्राध्यक्ष हुस्तो रुफिनो बारियोस यांच्या निमंत्रणावरून जॉन क्लार्क हिल हे मिशनरी आले. पुढच्या दशकांत मंडळ्या वाढल्या त्या बहुतेक खेड्यांतून, आणि त्या सांभाळल्या तिथल्याच वडिलांनी. हा वडील म्हणजे मंडळीने निवडलेला, शेती किंवा दुकान करणारा, रविवारी उपदेश करणारा आणि अंत्यविधीला उभा राहणारा माणूस. पगारी पाळक मोजकेच होते.

पाळक तयार करण्यासाठी १९३८ मध्ये राजधानीत सेमिनरी निघाली. तिचा साचा उत्तर अमेरिकेतला : तरुणाने घर सोडून वसतिगृहात यायचे, काही वर्षे दिवसभर वर्गात बसायचे आणि शिक्षण संपल्यावर दीक्षा (पाळकपदाचा अधिकार) घेऊन मंडळी सांभाळायला जायचे. खर्चाचा बराच भार संस्थेवर. आपल्याकडची बहुतेक बायबल कॉलेजे आजही याच साच्यावर आहेत, त्यामुळे हे चित्र मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये.

अडचण

जवळपास पंचवीस वर्षांचा हिशोब काढल्यावर दिसले की दोनशेहून अधिक जणांनी प्रवेश घेतला होता, आणि त्यांतले जेमतेम दहा जण पाळक म्हणून त्या चर्चची सेवा करत होते. त्या वेळी वसतिगृहात विद्यार्थी होते पाच-सहा. इमारत, स्वयंपाकघर, ग्रंथालय आणि शिक्षकांचे पगार हे सगळे त्या पाच-सहांसाठी.

पहिल्या नजरेत ही गळतीची गोष्ट वाटते, आणि गळती म्हटले की दोष विद्यार्थ्यांवर जातो : श्रद्धा कमी, पाचारण कच्चे. शिक्षकांनी तो सोपा अर्थ लावला नाही. कारणे अशी होती.

शहरात तीन-चार वर्षे काढलेला तरुण खेड्यात परतायला तयार नसे. हा चंगळवादाचा प्रकार नव्हता. खेड्यातली मंडळी त्याला पोट भरण्याइतका पगार देऊ शकत नव्हती, आणि शहरात मिळालेल्या शिक्षणावर त्याला दुसरी नोकरी मिळत होती. हातातला मार्ग त्याने धरला.

दुसरे कारण निवडीचे. वसतिगृहात येऊ शकतो तो अविवाहित, जबाबदारी नसलेला, विशी-बाविशीतला मुलगा. मंडळीने अजून त्याला पारखलेले नसते. तो परत आला तरी चाळीस वर्षांच्या शेतकऱ्याने संसाराचा प्रश्न घेऊन त्याच्याकडे का जावे?

तिसरे कारण सगळ्यात खोल होते. ज्यांच्यामागे लोक खरोखर चालत होते ते वडील सेमिनरीत येऊच शकत नव्हते. घर, शेत, मुले आणि रविवारची मंडळी टाकून तीन वर्षे राजधानीत राहणे त्यांना अशक्य. समजा कुणी गेलाच, तर ज्या गोष्टींमुळे तो पुढारी होता त्याच मागे सुटणार : रोजचा संबंध, कामातली पत, शेजाऱ्यांच्या अडीअडचणीला हजर असणे. म्हणजे मंडळ्यांना पाळक हवे होते, पाळकपण निभावणारी माणसे मंडळ्यांत होती, आणि कॉलेज तिसऱ्याच माणसांना शिकवत होते.

अशी मोजणी करणे अवघड नाही, करायची इच्छा लागते. दोन याद्या पुरतात. एक प्रवेशनोंदवहीवरून : नाव, प्रवेशाच्या वेळचे वय, व्यवसाय, विवाहित की अविवाहित, शिफारस कुणाची, अभ्यासक्रम पूर्ण झाला का, आज कुठे आणि उपजीविका कशावर. दुसरी मंडळ्यांच्या बाजूने : प्रत्येक मंडळीत आज उपदेश कोण करतो, त्याचे वय, शाळा कितवीपर्यंत, बायबलचे शिक्षण कुठे झाले. बहुतेक संस्था पहिली यादी अर्धवट करतात आणि यशस्वी माजी विद्यार्थ्यांची नावे वार्षिक अहवालात छापून मोकळ्या होतात. दुसरी यादी करतच नाहीत. खरी माहिती मात्र दोन याद्यांत किती नावे समान आहेत, यातच असते.

पहिला निर्णय : जागा बदलणे

१९६२ मध्ये सेमिनरी राजधानीतून सान फेलिपे या गावी हलवली गेली. रेटालुलेऊ प्रांतातले हे गाव किनारपट्टी आणि पठार यांच्या मधल्या उतारावर, केत्साल्तेनांगोकडे चढणाऱ्या रस्त्यावर आहे. खालच्या स्पॅनिशभाषक मंडळ्या आणि वरच्या माया मंडळ्या, दोघांनाही ते सोयीचे. तर्क सरळ होता : विद्यार्थी खेड्यात असतील तर कॉलेज खेड्याजवळ असावे.

तरीही वर्ग भरला नाही. सेमिनरी आता हाकेच्या अंतरावर आली होती आणि जवळपासचे वडीलसुद्धा दिवसा वर्गात येऊ शकत नव्हते, कारण दिवसा ते कामावर असत. आडवे येत होते ते वेळापत्रक. किलोमीटर कमी करून ते सुटणारे नव्हते.

या पायरीकडे चूक म्हणून पाहता येते, आणि खर्चाच्या दृष्टीने ती महागडी होतीच. पण ही पायरी चढल्याशिवाय 'जवळ कॉलेज असते तर लोक आले असते' हे उत्तर खोडून निघाले नसते. स्थलांतराचा विचार करणाऱ्या संस्थेने हा प्रयोग स्वस्तात करावा. इमारतीला हात लावण्याआधी एका शिक्षकाला सहा महिने त्या भागात भाड्याच्या खोलीत ठेवावे, दिवसाचा एक आणि संध्याकाळचा एक असे दोन वर्ग घ्यायला लावावेत आणि दोन्हींच्या हजेरीपटांची तुलना करावी.

पुढचे पर्याय

अशा संस्थेपुढे तेव्हा जे मार्ग होते तेच आजही आहेत.

रात्रशाळा शहरात चालते. खेड्यात अंधार पडल्यावर दोन-तीन तासांची पायपीट करून रोज कुणी येत नाही.

अल्पमुदतीची शिबिरे, म्हणजे शेतीच्या सवडीत दोन-चार आठवडे. यात उत्साह भरपूर आणि भोजन उत्तम. पण तीन आठवड्यांत कानावर पडलेले पुढच्या अकरा महिन्यांत विरते. एका दमात बायबलमधले रोमकरांस पत्र संपवणाऱ्या शिबिरांवर आमचा फारसा विश्वास नाही.

पत्रद्वारा अभ्यासक्रम सगळ्यात स्वस्त. अडचण अशी की पत्रातून शंका विचारायला लेखणीची सवय लागते, आणि सहावीपर्यंत शिकलेल्या शेतकऱ्याला ती नसते. उत्तर महिन्याने येते, तोवर प्रश्न विसरलेला. गळती प्रचंड.

शिष्यवृत्ती वाढवून कुटुंबासह वसतिगृहात आणणे, हा पर्याय मिशनच्या पैशावर उभा राहतो आणि पैसा थांबला की कोसळतो. शिवाय वर सांगितलेले तिसरे कारण तसेच उरते.

जेम्स एमरी, राल्फ विंटर आणि थोड्या काळाने रुजू झालेले रॉस किन्सलर या शिक्षकांनी पाचवा मार्ग धरला. विद्यार्थ्याने घरी राहावे, रोज थोडा अभ्यास करावा, आणि शिक्षकाने आठवड्यातून एकदा त्याच्या जवळच्या केंद्रावर जावे. विंटर यांचे मूळ शिक्षण अभियांत्रिकीचे आणि पुढचे भाषाशास्त्र-मानववंशशास्त्राकडचे. वर्ग ही पवित्र गोष्ट आहे असे न मानता तिच्याकडे यंत्राचा एक भाग म्हणून पाहणे त्यांना जमले, त्यात या पूर्वशिक्षणाचा हात असावा असे आम्हाला वाटते.

काय उभे केले

विस्ताराचे काम १९६३ मध्ये सुरू झाले. त्याचे भाग वेगवेगळे पाहावेत, कारण पुढे जगभर नक्कल झाली तेव्हा एखादा भाग गाळला गेला आणि पद्धत फसली, असे वारंवार घडले आहे.

पहिला भाग घरच्या अभ्यासाचा. नेहमीचे पाठ्यपुस्तक शिक्षक समजावून सांगेल या भरवशावर लिहिलेले असते. घरी एकट्याने वाचणाऱ्याला ते चालत नाही. म्हणून क्रमबद्ध स्वयंअध्ययनाची पुस्तके तयार करावी लागली. आठवड्याचा धडा पाच दिवसांत विभागलेला. रोजच्या भागात थोडी माहिती, लगेच प्रश्न, उत्तरासाठी जागा आणि पडताळण्यासाठी बरोबर उत्तर. ही तंत्रे तेव्हा अमेरिकेतल्या शिक्षणक्षेत्रात नवी होती.

असे पुस्तक लिहिण्याची रीत उलटी असते. आधी ठरवायचे की हा धडा संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे. 'मार्ककृत शुभवर्तमानाची ओळख' असे ध्येय उपयोगाचे नाही. 'मार्क ४ मधला पेरणाऱ्याचा दाखला आपल्या मंडळीला दहा मिनिटांत, टिपणाशिवाय समजावून सांगता येणे' हे ध्येय तपासता येते. मग त्या ध्येयाची चाचणी लिहायची, आणि सगळ्यात शेवटी धडा. कच्चा धडा तीन-चार खऱ्या विद्यार्थ्यांसमोर ठेवायचा आणि शेजारी गप्प बसून पाहायचे की ते कुठे अडतात. जिथे दोघे अडले तिथे वाक्य बदलायचे. छापखान्यात त्यानंतरच जायचे. सुरुवातीच्या वर्षांत सायक्लोस्टाइल हा सोयीचा मार्ग होता. स्टेन्सिलवर काही शे प्रती निघतात, चुका सापडल्या तर पुढच्या खेपेला दुरुस्त करता येतात, आणि बांधीव पुस्तकाचा हजार प्रतींचा गठ्ठा गोदामात पडून राहत नाही.

दुसरा भाग केंद्राचा. जागा म्हणून एखाद्या मंडळीची खोली पुरते. शिक्षक ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी पोहोचतो. दीड-दोन तासांची बैठक : प्रार्थना, आठवड्याच्या धड्यावर छोटी चाचणी, अडलेल्या प्रश्नांची उकल, आणि मग मुख्य भाग, म्हणजे शिकलेले आपल्या मंडळीत कसे लागू होते यावर चर्चा. शिक्षकाने धडा पुन्हा शिकवायचा नाही. हा नियम कागदावर सोपा दिसतो.

तिसरा भाग प्रत्यक्ष सेवेचा. निवासी कॉलेजात 'प्रात्यक्षिक' म्हणून रविवारी कुठेतरी पाठवावे लागते. इथे विद्यार्थी आधीच सेवेत असतो, म्हणून ही बाजू आपोआप सांभाळली जाईल असे गृहीत धरले गेले.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ टेड वॉर्ड यांनी हे तीन भाग एका कुंपणाच्या चित्रात बसवले. दोन आडवे वासे : एक अभ्यासाचा, एक सेवेचा. त्यांना जोडणारे उभे खांब म्हणजे ठरावीक अंतराने होणाऱ्या बैठका. खांब काढले की वासे जमिनीवर लोळतात.

याखेरीज मधूनमधून सगळ्या केंद्रांचे विद्यार्थी सान फेलिपेला एकत्र जमत. ग्रंथालय तिथे होते, आणि आपण एका मोठ्या गटाचा भाग आहोत ही जाणीव केंद्रावरच्या तीन-चार जणांत येत नाही.

पातळ्यांचा प्रश्न

इथे घेतलेल्या निर्णयाबद्दल फारसे बोलले जात नाही, आणि आमच्या मते सगळ्या प्रकरणात तोच सर्वांत धाडसी होता. एकाच केंद्रावर सहावी झालेला शेतकरी, नववीपर्यंत शिकलेला दुकानदार आणि माध्यमिक पूर्ण केलेला शिक्षक, तिघेही येत. नेहमीचा उपाय म्हणजे तिघांसाठी तीन संस्था : खालच्यासाठी बायबल स्कूल, मधल्यासाठी कॉलेज, वरच्यासाठी सेमिनरी. तसे केले की खालच्या दाराने शिरलेला माणूस कायम 'प्रचारक' राहतो आणि वरच्या दाराने आलेला 'रेव्हरंड' होतो.

सान फेलिपेने विषय एक ठेवला आणि पातळ्या वेगळ्या केल्या. पायाचा धडा सगळ्यांना समान. वरच्या पातळीला जास्तीचे वाचन आणि लेखन. त्यामुळे एकच शिक्षक एकाच बैठकीत सगळ्यांना घेऊ शकत होता, आणि चर्चेत शेतकऱ्याचा अनुभव शिक्षकाच्या वाचनापेक्षा जड भरला तर तेही सगळ्यांसमोर दिसत होते. प्राथमिक शाळाच पूर्ण न झालेल्या प्रौढांसाठी ती पूर्ण करण्याचीही सोय करावी लागली. बायबल कॉलेजने गणित-व्याकरण का शिकवावे, असे कुणी म्हणू शकेल. पण पातळी ठरवताना शाळेची अट घालायची आणि ती भरून काढायचा मार्ग ठेवायचा नाही, याला प्रवेशबंदी म्हणतात.

वेळेचा हिशोब

विस्तार पद्धतीचा प्रचार करणारे एक गोष्ट हळू आवाजात सांगतात : ती मंद आहे. किती, ते आकड्यांत पाहावे. हा हिशोब आमचा आहे, सान फेलिपेच्या दप्तरातला नाही.

निवासी कॉलेजात एका विषयाला आठवड्याला ३ तास वर्ग, १५ आठवडे : ४५ तास. तितक्याच विषयासाठी स्वतःचा अभ्यास दुप्पट धरला तर ९० तास. एकूण १३५. विस्ताराच्या विद्यार्थ्याने रोज १ तास, आठवड्यातून ५ दिवस अभ्यास केला आणि केंद्रावर त्या विषयाला १ तास दिला, तर आठवड्याला ६ तास होतात. १३५ तासांना २२ ते २३ आठवडे लागतात. ३० विषयांचा अभ्यासक्रम असेल तर ६७५ आठवडे. पेरणी, कापणी, आजारपण, नाताळ आणि पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) वगळून वर्षाला ४५ आठवडे हाती लागतात असे धरले, तर एकेक विषय घेणाऱ्याला पंधरा वर्षे. दोन विषय एकदम घेतले, म्हणजे दिवसभर राबून आल्यावर रोज दोन तास वाचले, तरी साडेसात वर्षे.

म्हणून पदवी शेवटी ठेवून चालत नाही. पाच-सहा विषयांच्या टप्प्याला प्रमाणपत्र, दहा-बारा विषयांना पुढचे, असे टप्पे लागतात, आणि पहिल्या टप्प्यातले विषय असे निवडावे लागतात की माणूस तिथेच थांबला तरी मंडळीच्या कामाला येतील. ग्रीक व्याकरण पहिल्या वर्षी नको. शुभवर्तमानाचे वाचन, उपदेशाची तयारी, नव्या विश्वासणाऱ्यांचे शिक्षण, हिशोब ठेवणे, हे हवे.

शिक्षकाच्या बाजूनेही गणित आहे. एका फेरीत पाच केंद्रे, प्रत्येक केंद्रावर बैठक आणि प्रवास मिळून पाऊण दिवस, म्हणजे जवळपास आठवड्याचे चार दिवस गाडीत आणि बाकावर. पुस्तके लिहायला उरतो एक दिवस. पहिली तीन वर्षे फिरणारा आणि लिहिणारा एकच असेल तर पुस्तके मागे पडतात. मग तो जुने टिपण घेऊन केंद्रावर जातो आणि व्याख्यान देतो. पद्धत मोडण्याची सुरुवात इथून होते.

निष्पत्ती

चार-पाच वर्षांत विद्यार्थिसंख्या पाच-सहावरून दोनशेच्या घरात गेली. वय वाढले, विवाहित लोक आले, वडील आले, ज्या स्त्रियांना वसतिगृहाचे दार कधीच उघडले नसते त्या आल्या. निवासी वर्ग मागे पडत गेला. विंटर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाला शिकवायला गेले. १९६७ मध्ये कोलंबियातल्या आर्मेनिया शहरात लॅटिन अमेरिकेतल्या शिक्षकांची कार्यशाळा झाली आणि ही पद्धत इतर देशांत पसरू लागली. १९६९ मध्ये विंटर यांनी संपादित केलेला या विषयावरचा ग्रंथ आला. भारतात १९७१ मध्ये बंगळुरूला टाफ्टी ही संस्था याच पद्धतीवर उभी राहिली.

संख्येचा हा आलेख सगळीकडे दाखवला जातो. त्याच्या जोडीने घडलेल्या गोष्टी कमी दाखवल्या जातात.

कुठे बिघडले

विरोध बाहेरून आला नाही. जे थोडे पाळक निवासी शिक्षण घेऊन दीक्षित झाले होते त्यांतल्या काहींना ही पद्धत दुय्यम वाटत होती, आणि आपल्याच मंडळीतला वडील आपल्याइतका शिकू लागला आहे हेही काहींना रुचत नव्हते. सेमिनरीने शिक्षणाचे दार उघडले. दीक्षेचे दार मात्र चर्चच्या सभांच्या हाती होते. शिक्षण पूर्ण केलेल्या, स्वतःच्या शेतीवर जगणाऱ्या वडिलाला दीक्षा द्यायची का, पगाराशिवाय पाळक ही गोष्ट मान्य आहे का, याचा निकाल सुरुवातीला लावलेला नव्हता.

पुस्तकांची गडबड वेगळी होती. क्रमबद्ध अभ्यासाचे पुस्तक वाईट लिहिले की ते गाळलेल्या जागा भरण्याचा खेळ होतो. 'येशू ____ च्या किनारी गेला' : विद्यार्थी वचन उघडतो, शब्द उतरवतो, पुढे जातो. सगळी उत्तरे बरोबर, डोक्यात काही नाही. उत्तर त्याच पानावर छापलेले असेल तर वचनही उघडत नाही. लॅटिन अमेरिकेत पुढच्या दशकात या पुस्तकांवर टीका झाली ती याच अंगाने : माणसाला विचार करायला शिकवण्याऐवजी ठरलेली उत्तरे भरून घेतली जातात.

भाषेचा तिढा सर्वांत जुना होता. पुस्तके स्पॅनिशमध्ये. पठारावरच्या माम आणि किचे विद्यार्थ्याला स्पॅनिश बाजारापुरती येत असे. पापक्षमा आणि नीतिमान ठरणे यांतला फरक तिच्यात वाचणे निराळे. एकट्याने वाचायची पद्धत जिथे वाचन पक्के आहे तिथेच चालते. मौखिक परंपरेतल्या समाजात ती उसनी राहते.

आणि तिसरा भाग, सेवेचा. तो आपोआप होईल असे मानले, म्हणून त्याची नोंद, निरीक्षण, मूल्यमापन यांची घडी बसायला वेळ लागला. चाचणीला गुण होते. आजाऱ्याला भेटण्याला नव्हते.

वेगळे काय करता आले असते

दीक्षेचा ठराव पहिल्या केंद्राच्या आधी हवा होता. चर्चच्या सभेसमोर एका पानाचा मसुदा ठेवता आला असता : कोणते विषय, किती वर्षांची सेवा, कुणाची शिफारस, आणि मानधन नसले तरी दीक्षा मिळेल की नाही. सभेने 'नाही' म्हटले असते तरी विद्यार्थ्यांना ते आधी कळले असते.

केंद्रे थोडी उघडून पुस्तके आधी पक्की करायला हवी होती, असे म्हणणे सोपे आहे. पण पुस्तके खऱ्या विद्यार्थ्यांवरच पक्की होतात, त्यामुळे दोन्ही हातात हात घालून चालणार. मधला मार्ग असा : पहिले वर्ष दोन केंद्रे, दोन विषय, आणि एक शिक्षक फेरीतून पूर्ण मोकळा, फक्त लिहिण्यासाठी. दर चार आठवड्यांनी चुकांच्या वहीवरून दुरुस्ती.

सेवेसाठी प्रत्येक विद्यार्थ्याला एक वही आणि दर आठवड्याला अर्धे पान पुरते : कुणाला भेटलो, काय विचारले गेले, काय उत्तर देता आले नाही. केंद्रावरची बैठक या वहीपासून सुरू करावी, चाचणी नंतर. क्रम बदलला की शिक्षकाची व्याख्यानाची खाज आपोआप कमी होते, कारण 'मुलगा गेलेल्या आईला मी काय म्हणायला हवे होते?' या प्रश्नावर व्याख्यान सुचत नाही.

निवासी वर्ग पूर्ण मागे पडू देणे, याबद्दल आमचे मत दुभागलेले आहे. हिब्रू-ग्रीक वाचणारे, पुस्तके लिहिणारे, भाषांतर तपासणारे दोन-चार लोक प्रत्येक चर्चला लागतात, आणि ते केंद्रावर तासाभरात घडत नाहीत. त्यांना दुसरीकडे पाठवायचे की वर्षातून दोन-तीन महिने सान फेलिपेत ठेवायचे, हा निर्णय स्वतंत्रपणे घ्यायला हवा होता.

मराठी मुलखात हे लावताना

'एक्स्टर्नल' (बाह्य) आणि 'एक्स्टेन्शन' (विस्तार) यांची आपल्याकडे सर्रास गल्लत होते. ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूर विद्यापीठाचे बाह्य अभ्यासक्रम कोलकात्याच्या सेप्टर या केंद्रामार्फत चालतात. तिथे नाव नोंदवून, घरी अभ्यास करून परीक्षा द्यायची असते. ही सोय मोलाची आहे, पण तेवढ्याने टी.ई.ई. होत नाही. स्थानिक कॉलेजने दर आठवड्याचे केंद्र जोडले नाही, तर वरचे कुंपणाचे चित्र खांबांविना राहते. टी.ई.ई. सुरू केली असे सांगणाऱ्या संस्थेला पहिला प्रश्न विचारावा : शिक्षक कोणत्या वारी, कोणत्या गावी जातो?

वेळापत्रक इथल्या कामावर बसवावे लागेल. बीड, अहिल्यानगर, जालना भागातली कित्येक कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परततात. जूनमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये परीक्षा घेणारे सत्र त्यांच्यासाठी बंदच. त्यांचे सत्र वैशाखात सुरू करून दसऱ्याला संपवावे लागेल, म्हणजे हाती वीस-बावीस आठवडे : वरच्या हिशोबाने वर्षाला एक विषय, फार तर दोन. कारखान्याच्या फडावर टोळीबरोबर राहणाऱ्यांसाठी तिथेच केंद्र उघडता येईल का, हे एखाद्या शिक्षकाने एक हंगाम करून पाहायला हवे.

नंदुरबार आणि मेळघाटात भाषेचा तिढा जसाच्या तसा उभा राहतो. पावरी, भिली किंवा कोरकू बोलणाऱ्या पुढाऱ्याला छापील मराठी वाचता येते म्हणून ती उमगते असे नाही. तिथे धड्याची ध्वनिफीत फोनवर देऊन, प्रश्न बैठकीत तोंडी विचारून, उत्तर त्याच्या भाषेत घ्यावे लागेल. आणि ते तपासू शकेल असा शिक्षक आधी शोधावा लागेल. त्या शिक्षकाचे नाव बहुधा मंडळ्यांच्या बाजूने केलेल्या त्या दुसऱ्या यादीत सापडेल, जी बहुतेक कॉलेजांनी अजून केलेली नाही.